न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे, आणि भद्रावतीच्या आसपासच्या खेड्यांतून शाळेंत येणाऱ्या मुलांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. बांधाच्या वादापायीं वर्षानुवर्षें तारखा पडत गेल्या, प्रथम बैलजोडी गेली, मग शेतही गेलें, अशा हकीकती त्यांनीं वडील माणसांच्या तोंडून ऐकलेल्या असतात. त्यामुळें वकील म्हणजे खऱ्याचें खोटें व खोट्याचें खरें करून देणारा मनुष्य, अशी त्यांची समजूत लहानपणींच होऊन बसते. मागें एकदां वर्गांत, तुम्ही पुढें कोण होणार, असा प्रश्न विचारला असतां एका मुलानें आपण वकील होणार असें उत्तर दिलें, आणि सारा वर्ग हंसला. तो मुलगा ओशाळून खालीं बसला. त्याला त्या वेळीं जें सांगावयास हवें होतें, तें प्रस्तुत लेखकास नीट सांगतां आलें नाहीं. तें राहून गेलेलें उत्तर एका वकिलाच्या चरित्राच्या रूपानें आज देण्याचा विचार आहे. हे वकील आपल्या चांद्याकडचे नव्हेत, मुंबईचे. आणि त्यांना हें जग सोडून एकशें तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. परंतु त्यांनीं ज्या प्रश्नांशीं झुंज घेतली, ते प्रश्न आपल्या घरांतून अद्यापि उठून गेलेले नाहींत.

काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा जन्म मुंबईस ३० ऑगस्ट १८५० रोजीं एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबांत झाला. पेशवाई बुडून त्या वेळीं अवघीं बत्तीस वर्षें झालीं होतीं. काशिनाथ तीन वर्षांचा असतांना मुंबई ते ठाणें ही आगगाडी सुरू झाली. सात वर्षांचा असतांना मुंबईचें विश्वविद्यालय स्थापन झालें. आणि बारा वर्षांचा असतांना मुंबईचें हायकोर्ट उघडलें. म्हणजे ज्या संस्थांनीं पुढें या देशाचा कायापालट केला, त्या संस्था आणि हा मुलगा एकाच वेळीं वाढत होते असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांपैकीं विश्वविद्यालयाचा तो पुढें प्रमुख होणार होता आणि हायकोर्टांत न्यायाधीश म्हणून बसणार होता. पण हें त्या वेळीं कोणास ठाऊक असणार?

पांचव्या वर्षीं त्याला अमरचंद वाडींतील मराठी शाळेंत घालण्यांत आलें, आणि १८५९ सालीं तो एल्फिन्स्टन हायस्कुलांत गेला. प्रथम मातृभाषेचा पाया आणि मग इंग्रजी, असा हा क्रम होता, हें पालकांनीं लक्षांत घेण्याजोगें आहे. हायस्कुलांत त्याला नारायण महादेव परमानंद हे शिक्षक लाभले. पुढें मामा परमानंद या नांवानें ते सर्वत्र विख्यात झाले. परमानंद हे मोठ्या बुद्धीचे व करारी वृत्तीचे गृहस्थ होते. त्यांची छाप काशिनाथाच्या मनावर कायमची बसली, आणि मोठेपणीं गुरु व शिष्य हें नातें मागें पडून ते दोघे परस्परांचे अगदीं जिवलग स्नेही बनले. शिष्य मोठ्या पदास चढला तरी गुरूस परका होत नाहीं, यापेक्षां शिक्षकास दुसरें कोणतें वेतन हवें असतें?

एल्फिन्स्टन कॉलेजांत काशिनाथपंतांनीं संस्कृत भाषेचा व्यासंग विशेष केला व त्या विषयांतील भगवानदास शिष्यवृत्ति मिळविली. त्याच कॉलेजांत ते फेलो झाले. एम. ए. व एल्‌एल्. बी. या पदव्या घेतल्यावर कोणता मार्ग धरावा हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला. त्या काळीं पदवीधरांस सरकारी नोकरी सहज मिळत असे, आणि ती मिळाली कीं मुलाचें कल्याण झालें असें घरोघर मानलें जाई. काशिनाथपंतांनीं स्वतंत्र धंद्याचा बिकट मार्ग पत्करला, आणि पुढें सरकारी नोकरी आपण होऊन चालून आली तेव्हां ती त्यांनीं नाकारली.

हा मार्ग बिकट कसा, हें थोडें सांगितलें पाहिजे. मुंबईच्या हायकोर्टाचे दोन विभाग होते. मुंबई शहरांतील मोठे दावे ज्या विभागांत प्रथमच दाखल होत, त्यास ओरिजिनल साईड म्हणत, आणि तेथें विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या लोकांचें वर्चस्व असे. विलायतेस न जातां, येथेंच परीक्षा देऊन त्या विभागांत उभें राहण्याचा अधिकार प्रथम बाळ मंगेश वागळे यांनीं मिळविला. तेलंगांनीं वागळ्यांचा कित्ता गिरवण्याचें ठरविलें. ती परीक्षा ते उतरले आणि १८७२ सालीं, वयाच्या बाविशीच्या सुमारास, हायकोर्टांत ॲडव्होकेट म्हणून दाखल झाले. प्रतिपक्षीं बहुधा त्यांच्याहून वयानें व अनुभवानें वडील असे इंग्रज कायदेपंडित असत.

परंतु या तरुणाजवळ एक भांडवल असें होतें कीं तें त्या पंडितांजवळ नव्हतें. वारसा, दत्तक, वांटणी, स्त्रीधन इत्यादि बाबतींत हिंदूंचे खटले जुन्या धर्मशास्त्राच्या आधारें चालत. मिताक्षरा आणि नीलकंठाचा व्यवहारमयूख हे आपल्या प्रांतीं प्रमाणभूत ग्रंथ. इंग्रज वकिलांस ते भाषांतरांतूनच वाचावे लागत, आणि भाषांतरांत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला कीं कोणा विधवेचें घर जाई किंवा कोणा दत्तकाचा हक्क बुडे. तेलंग मूळ संस्कृत वचन उघडून त्याचा अर्थ इतक्या सुबोध इंग्रजींत मांडीत कीं न्यायाधीशांस तो पटे. कॉलेजांत केवळ आवड म्हणून केलेला संस्कृताचा अभ्यास असा पुढें अशिलांच्या कामीं आला. ज्या विद्यार्थ्यांस वाटतें कीं परीक्षेंत न येणारा विषय वाचणें म्हणजे वेळ दवडणें, त्यांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. त्यांचें भाषण शांत व मुद्देसूद असे. प्रतिपक्षाचें म्हणणें प्रथम पूर्णपणें समजून घ्यावें आणि मग त्याचें खंडन करावें, ही त्यांची रीत. आवाज चढवून किंवा कोणाचा उपमर्द करून त्यांनीं कीर्ति मिळविली नाहीं.

हीच रीत त्यांच्या लेखनांतही दिसून येते. वेबर नांवाच्या एका नामांकित जर्मन पंडितानें असें मत प्रसिद्ध केलें होतें कीं रामायणाची कथा ग्रीक कवि होमर याच्या काव्यांवरून घेतली असावी. आपल्याकडील पुष्कळ लोकांस हें ऐकून संताप आला असता, व संतापण्यानें कांहींच सिद्ध झालें नसतें. तेलंगांनीं १८७३ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या सुमारास, या मतास उत्तर देणारा इंग्रजी निबंध लिहिला आणि वेबरसाहेबांचा एकेक पुरावा घेऊन तो कसा टिकत नाहीं हें दाखविलें. एका तरुण हिंदी वकिलानें युरोपांतील थोर पंडिताशीं बरोबरीच्या नात्यानें, त्याच्याच शास्त्रीय पद्धतीनें वाद करावा, ही गोष्ट त्या काळीं नवी होती. पुढील वर्षीं भर्तृहरीचीं नीति व वैराग्य हीं शतकें त्यांनीं संपादन करून छापलीं. १८७५ सालीं भगवद्गीतेचें इंग्रजी पद्यांत भाषांतर केलें. नंतर माक्स म्युल्लर यांनीं पौर्वात्य देशांतील धर्मग्रंथांची जी विख्यात इंग्रजी माला काढली, तिच्या आठव्या भागाकरितां त्यांनीं गीता, सनत्सुजातीय व अनुगीता यांचें गद्य भाषांतर केलें. तें १८८२ सालीं प्रसिद्ध झालें. १८८४ सालीं मुद्राराक्षस नाटकाची त्यांची आवृत्ति निघाली. हीं सारीं कामें दिवसभर कोर्टांत उभें राहणाऱ्या मनुष्यानें केलीं आहेत.

मराठीसही ते विसरले नाहींत. लेसिंग या जर्मन ग्रंथकाराचें एक नाटक आहे. त्यांत एक ज्ञानी यहुदी व्यापारी, एक मुसलमान सुलतान आणि एक ख्रिस्ती वीर यांच्या कथेंतून परधर्मसहिष्णुतेचा बोध केलेला आहे. हें नाटक तेलंगांनीं शहाणा नेथन या नांवानें मराठींत आणलें. स्थानिक राज्यव्यवस्थेवरील एका इंग्रजी पुस्तकाचेंही त्यांनीं मराठी भाषांतर केलें. गांवची व शहराची व्यवस्था लोकांनीं स्वतः पाहावयाची तर तिचें ज्ञान त्यांना त्यांच्याच भाषेंत मिळालें पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. मराठ्यांच्या बखरींतून आपल्या पूर्वजांची समाजस्थिति व राज्यपद्धति यांचा शोध घेणारा एक निबंधही त्यांनीं लिहिला. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील न्यायमूर्ति रानडे यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० सालीं बाहेर पडला, तेव्हां तेलंगांचा हा निबंध त्यास जोडण्यांत आला.

आतां शिक्षणाकडे वळूं. १८८२ सालीं साऱ्या हिंदुस्थानांतील शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें एक मंडळ नेमलें. त्यांत बत्तीस वर्षांच्या तेलंगांस सभासद म्हणून घेण्यांत आलें. खासगी व मिशनरी शाळांस सरकारनें अनुदान कसें द्यावें, प्राथमिक शिक्षण कोणाच्या हातीं असावें, अशा अनेक प्रश्नांचा विचार या मंडळानें केला. कॉलेजांतून नीतिशिक्षणासाठीं एक पाठ्यपुस्तक तयार करावें अशी शिफारस मंडळानें केली असतां तेलंगांनीं आपलें भिन्न मत स्वतंत्रपणें लिहून दिलें. नीति नको असें त्यांचें म्हणणें नव्हतें. पुस्तकांतील धडा पाठ करून ती येत नाहीं. शाळेची शिस्त, चांगल्या ग्रंथांचा अभ्यास आणि शिक्षकाचें वर्तन यांतून ती मुलांच्या अंगीं मुरते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या शाळांतून नीतीचा तास वेळापत्रकांत असतो, तेथील आम्हां शिक्षकांस हें मत थोडें बोंचतें, आणि बोंचावें हेंच बरें. या मंडळावरील कामाबद्दल सरकारनें त्यांना सी. आय. ई. ही पदवी दिली.

यानंतरचीं सात वर्षें त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा ऐन भर होय. १८८३ सालीं इल्बर्ट साहेबांचें बिल पुढें आलें. जिल्ह्यांतील हिंदी न्यायाधिकाऱ्यांपुढें युरोपियन आरोपींचे खटले चालत नसत. ही असमानता दूर करावी असा त्या बिलाचा हेतु होता. त्यावर इंग्रज व्यापारी व मळेवाले यांनीं देशभर गहजब केला. हिंदी मनुष्य कितीही शिकला तरी गोऱ्याचा न्याय करण्यास तो अपात्रच, अशी त्यांची भाषा होती. याला उत्तर देण्यासाठीं २८ एप्रिल १८८३ रोजीं मुंबईच्या टाऊन हॉलांत मोठी सभा भरली. फिरोजशहा मेहता हे पारशी, बद्रुद्दीन तय्यबजी हे मुसलमान आणि तेलंग हे हिंदु, असे तीन तरुण वकील तेथें एका व्यासपीठावरून बोलले. शिवीस शिवीनें उत्तर न देतां न्यायाचें तत्त्व त्यांनीं मांडलें. अखेर सरकारनें माघार घेतली व १८८४ सालीं, युरोपियन आरोपीस निम्मे तरी गोरे असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क ठेवून, तडजोडीचा कायदा केला. लढा पूर्ण जिंकला गेला नाहीं. परंतु मुंबईच्या लोकांनीं एक गोष्ट पाहिली कीं तीन धर्मांचे लोक एका प्रश्नावर एका आवाजानें बोलूं शकतात.

त्याच वर्षीं, म्हणजे १८८४ सालीं, तेलंगांस मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सभासद नेमण्यांत आलें. व्हाइसरॉयच्या कौन्सिलांतील जागा मात्र त्यांनीं स्वीकारली नाहीं. ३१ जानेवारी १८८५ रोजीं या तिघां मित्रांच्या पुढाकारानें बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था निघाली. त्या वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन पुण्यास भरावयाचें होतें, परंतु तेथें पटकीची सांथ उद्भवल्यामुळें तें ऐन वेळीं मुंबईस न्यावें लागलें. २८ डिसेंबर १८८५ रोजीं गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत उमेशचंद्र बानर्जी यांच्या अध्यक्षतेखालीं ७२ प्रतिनिधि जमले, आणि त्यांत तेलंग प्रमुख होते. ज्या संस्थेनें पुढें देशास स्वातंत्र्यापर्यंत नेलें, तिचा पाया घालणाऱ्यांत हे पस्तीस वर्षांचे वकील होते, हें वकिलीस हंसणाऱ्या वर्गानें ध्यानांत घ्यावें.

येथून पुढें मात्र चरित्रकारास सावधपणें लिहावें लागतें. त्या दिवसांत सुशिक्षित मंडळींत एक मोठा वाद चालला होता. बेहरामजी मलबारी यांनीं १८८४ सालीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर लेख प्रसिद्ध करून साऱ्या देशाचें लक्ष त्या दुःखाकडे वेधलें होतें. कित्येक इंग्रज व कांहीं हिंदी लोक म्हणूं लागले कीं आधीं घर सुधारा आणि मग राज्यकारभारांत हक्क मागा. १८८६ च्या फेब्रुवारींत तेलंगांनीं स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीपुढें याच प्रश्नावर व्याख्यान दिलें. मुंबईंत मुलींच्या शाळा काढण्याचा मान १८४८ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेकडे जातो. तेलंगांचें प्रतिपादन थोडक्यांत असें होतें. दोन्ही सुधारणा हव्यात. परंतु एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरीस हात घालूं नये, असें इतिहास सांगत नाहीं. सरकाराशीं वाद करतांना आपण सरकारच्याच तत्त्वांचा आधार घेऊन बोलूं शकतों. घरांतील वाद मात्र आपल्याच आप्तांशीं, आपल्याच पिढीजात समजुतींशीं असतो, आणि तेथें मन दुखवून काम होत नाहीं. म्हणून ज्या बाजूनें विरोध कमी त्या बाजूनें आधीं पुढें जावें, आणि दुसऱ्या बाजूस हळूहळू मनें वळवावीं.

हें प्रतिपादन तर्कशुद्ध होतें, व तें अनेकांस पटलें. तेलंग सुधारणेचे विरोधी मुळींच नव्हते. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यानें विवाहित मुलीच्या संरक्षणाची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हां धर्म बुडाला अशी ओरड महाराष्ट्रांत मोठ्या जोरानें झाली. तेलंग त्या कायद्यास अनुकूल होते. परंतु कमी विरोधाचा मार्ग धरणाऱ्या मनुष्यापुढें केव्हां तरी असा प्रसंग येतो कीं तेथें विरोध टाळण्यास वाटच नसते. तो प्रसंग त्यांच्यावर कसा आला तें पुढें येईलच.

१८८९ सालीं तेलंग मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. वय अवघें एकोणचाळीस. न्यायाधीश झाल्यावर राजकीय सभांतून भाग घेणें बंद झालें, परंतु त्यांची विद्वत्ता आतां निवाड्यांतून दिसूं लागली. हिंदु धर्मशास्त्रावरील त्यांचे निवाडे आजही प्रमाण मानून वाचले जातात. त्यांपैकीं एकाची हकीकत शेतकऱ्यांच्या मुलांस सहज समजेल. आजोबा, बाप व मुलगा एकत्र कुटुंबांत आहेत. बापाची इच्छा नसतांना मुलगा वडिलार्जित मिळकतीची वांटणी मागूं शकतो किंवा नाहीं, असा प्रश्न कुलकर्णी घराण्यांतील एका खटल्यांत उपस्थित झाला. इतर न्यायाधीशांनीं नाहीं असें ठरविलें. तेलंगांनीं मूळ ग्रंथांतील वचनें तपासून आपलें भिन्न मत दिलें कीं जन्मानेंच ज्याचा हक्क उत्पन्न होतो, त्याला वांटणी मागण्याचा अधिकार नाकारतां येत नाहीं. बहुमतापुढें त्यांचें मत त्या दिवशीं पडलें, आणि मुंबई प्रांतांत बहुमताचाच नियम चालू राहिला. परंतु निवाड्याच्या पुस्तकांत तें मत राहिलें, व कायद्याचे अभ्यासक तें अद्यापि आदरानें वाचतात. सहकाऱ्यांविरुद्ध एकट्यानें उभें राहण्याचें धैर्य या सौम्य मनुष्यांत होतें, हें यावरून दिसून येईल.

१८९२ सालीं त्यांना दोन मान मिळाले. ते मुंबई विश्वविद्यालयाचे व्हाइस-चॅन्सेलर झाले, आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष निवडले गेले. हीं दोन्ही पदें त्यापूर्वीं कोणाही हिंदी मनुष्यास मिळालीं नव्हतीं. ज्या विश्वविद्यालयाच्या परीक्षा देत ते लहानाचे मोठे झाले, त्याच्या पहिल्या हिंदी प्रमुखाच्या आसनावर ते बसले. त्यांच्यामागून तें आसन रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याकडे गेलें.

आणि आतां तो प्रसंग. १८९३ सालीं, आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, तेलंगांनीं आपल्या कन्येचा विवाह अगदीं कोंवळ्या वयांत करून दिला. घरच्या वडील मंडळींच्या इच्छेपुढें त्यांनीं मान तुकविली. जी चाल वाईट आहे असें ते स्वतः मानीत, तीच त्यांच्या घरांत घडली. सुधारकांस अत्यंत वाईट वाटलें. विरोधकांस हंसण्यास जागा मिळाली. स्नेह्यांनीं त्यांच्या बाजूनें बोलण्याचा प्रयत्न केला. प्रकृति ढासळलेली, घरच्यांचें प्रेम, कलह टाळण्याचा जन्माचा स्वभाव, हीं कारणें खरीं असतील. परंतु तीं त्या मुलीच्या उपयोगीं पडलीं नाहींत.

कित्येक चरित्रकार अशा गोष्टी गाळतात. ती गाळावी असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. टाऊन हॉलांत साऱ्या गोऱ्या समाजासमोर जो निर्भयपणें उभा राहिला, न्यायासनावर सहकाऱ्यांविरुद्ध ज्यानें एकट्यानें मत दिलें, तोच पुरुष घराच्या माजघरांत हरला. यावरून त्याचीं सारीं कामें खोटीं ठरत नाहींत. मात्र एवढें कळतें कीं सर्वांत अवघड न्यायालय घरींच असतें. तेथें मुलीचा वकील कोणी नसतो. बापालाच वकील व्हावें लागतें, आणि बापालाच न्यायाधीशही. मनें हळूहळू वळवावीं हें तेलंगांचें तत्त्व चांगलें आहे. परंतु आपण मनें वळवीत असतां तिकडे मुलीचें वय थांबून राहत नाहीं, ही एक बाब त्यांच्या हिशोबांत राहून गेली.

पश्चात्तापास किंवा चूक सुधारण्यास त्यांना फारसा अवधि मिळाला नाहीं. १ सप्टेंबर १८९३ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. त्रेचाळीस वर्षें पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. हायकोर्टांतील त्यांच्या रिकाम्या जागीं महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. दोन वर्षांनीं रानड्यांनीं तेलंगांच्या विचारसरणीवर एक स्वतंत्र व्याख्यान दिलें. मित्राच्या मार्गांतील गुण आणि मर्यादा हा विषय त्यांना इतका महत्त्वाचा वाटला.

त्यानंतर काळ पुष्कळ पुढें गेला. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा केलें. १९७८ सालीं तें अठरा झालें. २००६ सालीं बालविवाह थांबविण्यासाठीं अधिक कडक कायदा झाला. तेलंगांच्या वेळीं बापाच्या पाठीशीं असा कायदा नव्हता, आज आहे. तरीही दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असतां एखादी मुलगी शाळेंत दिसेनाशी होते आणि मागून लग्नाची वार्ता येते, हा अनुभव वनप्रदेशांतील शिक्षकांस अगदींच अपरिचित आहे असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. स्थळ चांगलें आलें, आजी आजारी आहे, भाऊबंद काय म्हणतील, हीं कारणें एकशें तीस वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका न्यायमूर्तीच्या घरांत जशीं होतीं, तशींच आजही आहेत. ज्या पालकांच्या हातीं हें वार्षिक पडेल, त्यांना नम्र विनंति इतकीच कीं तेलंगांसारखा विद्वान् जेथें घसरला, ती पायरी त्यांनीं जपून उतरावी. मुलीची परीक्षा होऊं द्यावी, तिचें वय पूर्ण होऊं द्यावें, आणि वडीलधाऱ्यांशीं जो वाद घालावयाचा तो तिच्या वतीनें आपण घालावा.

आणि ज्या मुलानें वकील होणार असें सांगितलें होतें, त्याला आतां उत्तर देतां येईल. बाळ, अवश्य वकील हो. परंतु खऱ्याचें खोटें करण्यासाठीं होऊं नको. मूळ कागद स्वतः वाच. अशिलाची भाषा आणि न्यायाधीशाची भाषा दोन्ही चांगल्या शीक. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्याहून चांगलें समजून घे. आवाज चढवूं नको. खेड्यांतील ज्या मनुष्याला कोर्टाची पायरी चढणें भागच पडतें, त्याचें शेत व बैलजोडी राहील असें काम कर. आणि बाहेर ज्या न्यायाची बाजू घेशील, तो न्याय सायंकाळीं घरीं परत येतांना वाटेंत ठेवून येऊं नको. काशिनाथपंतांनीं पहिल्या साऱ्या गोष्टी उत्तम करून दाखविल्या. शेवटची त्यांच्यापासून राहून गेली. ती तुझ्या पिढीनें पुरी करावी.